विहीणबाईंचा पांढरा सॉस

ओट्यावर नऊ वस्तू होत्या. काजूंची वाटी, पाण्याचं भांडं, मिठाची बरणी, एक लिंबू, लसणाची एक सोललेली पाकळी, मिक्सर, गाळणी, पातेलं आणि लाकडी चमचा. काजू काट्यावर मोजून बरोबर दोनशे ग्रॅम घेतले होते. त्यातले चार माईंनी येता-जाता तोंडात टाकले, म्हणून पुन्हा मोजले तेव्हा एकशे पंचाण्णव भरले. मिक्सरपासून चमच्यापर्यंत सगळं नवं कोरं होतं. दूध नव्हतं, साय नव्हती, लोणी नव्हतं.

"आपल्या घरात दूध नसलेला ओटा," माई म्हणाल्या. "फोटो काढून ठेवा. कुणी विश्वास ठेवायचा नाही."

"हात लावू नका," आबा म्हणाले.

"चार काजूंनी काय बिघडलं?"

"पाच ग्रॅम बिघडलं."

आबांची सारी नोकरी एका मोठ्या डेअरीच्या प्रयोगशाळेत गेली होती. सकाळी टँकर यायचे, आबा नमुना घ्यायचे, वास, चव, स्निग्धांश, पाणी, गाळ असं सगळं तपासायचे आणि मग टँकर आत जायचा किंवा आल्या वाटेने परत जायचा. त्यांच्या जिभेवर एवढा विश्वास होता की यंत्र बिघडलं तर मालक म्हणायचे, "यंत्र राहू द्या, आबांना बोलवा." निवृत्त झाल्यावर घरात दुधाची चंगळ कमी झाली नाही. सकाळचं दूध, संध्याकाळचं दूध, सायीचं भांडं, विरजणाचं भांडं. माई म्हणायच्या, हे घर नाही, डेअरीची शाखा आहे.

आणि अशा माणसाच्या नातीला दूध चालत नव्हतं.

नात पाच वर्षांची. सगळे तिला खारू म्हणायचे, कारण ती कुठेही चढायची आणि खायला दिलेलं कुठेतरी लपवून ठेवायची. ती तान्ही असताना आबांनीच तिच्या ओठांना कौतुकाने सायीचं बोट लावलं होतं, आणि तासाभरात तिचे ओठ सुजून अंगभर चट्टे उठले होते. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, एक थेंबसुद्धा नाही. दुधाच्या भांड्यात ढवळलेला चमचाही नाही. तेव्हापासून खारू आबांकडे आली की माई तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच थांबवायच्या आणि ती आईने दिलेल्या डब्यातलं खायची. खायची म्हणजे चिवडत बसायची.

दुसऱ्या आजीकडे मात्र ती बोटं चाटून खायची.

ही दुसरी आजी म्हणजे आबांच्या विहीणबाई, जावयाची आई. दोन गल्ल्या सोडून राहायच्या, घरीच शिवणकाम करायच्या. गळ्यात मोजपट्टी, ओठांत टाचण्या, आणि बोलणं त्या टाचण्यांच्या फटीतून. त्यांनी कुठूनसा काजूंचा पांढरा सॉस शिकून घेतला होता. उकडलेल्या बटाट्यावर, गाजरावर, पास्त्यावर, कशावरही ओतायच्या, आणि खारू ताट पुसून खायची. बिनदुधाचा, पण सायीसारखा दाट. लेक फोनवर कौतुकाने सांगायची, "बाबा, कालही दोनदा मागून घेतलं तिने," आणि आबा "वा, वा" म्हणून फोन माईंकडे द्यायचे.

"पोटात दुखतंय का?" माई विचारायच्या.

"कुणाच्या?"

"मी आपलं विचारलं."

आता लेक पुन्हा कामावर रुजू होणार होती. सकाळी खारूला कुणाकडे ठेवायचं, हा प्रश्न होता, आणि सगळ्यांनी तो न विचारताच सोडवून टाकला होता: विहीणबाईंकडे. आबांनी लेकीला गाठलं.

"आमचं घर काय वाईट आहे?"

"वाईट कुठे म्हणतेय मी, बाबा? पण ती तुमच्याकडे जेवत नाही. संध्याकाळी उपाशी पोर घेऊन जाऊ का घरी?"

"जेवली तर?"

लेकीने क्षणभर विचार केला. "एकदा तुमच्याकडे पोटभर जेवू दे. खरंच जेवली, तर अर्धा आठवडा तुमच्याकडे ठेवते. शब्द माझा."

म्हणून तो ओटा.

*

कृती आबांनी थेट विहीणबाईंकडूनच घेतली होती. मान खाली घालायची वेळ होती, पण गरज त्यांची होती. ते गेले तेव्हा विहीणबाई एका झग्याची बाही लावत होत्या आणि खारू टेबलाखाली बटणांच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसली होती. आबांना पाहून तिने मान वर केली, "आबा आले" म्हणाली आणि परत बटणांत बुडाली. त्या घरात तिची स्वतःची उशी होती. खिडकीवर तिने चिकटवलेल्या चित्रांची रांग होती. दाराच्या चौकटीवर तिची उंची खडूने आखून ठेवली होती, विहीणबाईंच्या त्या मोजपट्टीने. आबांनी हे सगळं एकेक करून पाहिलं.

"या, व्याहीबुवा. आज इकडे कशी वाट चुकलात?"

"तो तुमचा सॉस... म्हटलं, विचारून घ्यावं."

"अगं बाई! दुधातला माणूस काजूत?" विहीणबाई हसल्या, पण टाचण्या होत्या म्हणून अर्ध्याच. "त्यात काय मोठं? काजू भिजवायचे, मऊ होईपर्यंत. पाणी काढून टाकायचं, ताजं घालायचं. मीठ, लिंबू, लसूण. आणि मिक्सर थकेपर्यंत फिरवायचा. मग मंद आचेवर जरा ढवळत गरम करा, आपोआप दाटतं. झालं."

"पाणी किती?"

"अंदाजाने."

"अंदाजाने म्हणजे?"

"हाताला कळतं हो. मी आयुष्यात कापड मोजलंय, स्वयंपाक कधी मोजला नाही."

आबांच्या मस्तकात तिडीक गेली. ज्या माणसाने प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवला, त्याला कुणी "अंदाजाने" म्हणावं! खारू टेबलाखालून म्हणाली, "आजी, आज पण सॉस?" आणि विहीणबाई म्हणाल्या, "आज पण, राणी." राणी! आबा तिला खारूच म्हणायचे. राणी हे त्यांना कधी सुचलं नव्हतं, म्हणून आणखी झोंबलं.

घरी येऊन त्यांनी काजू भिजवले, वाटले, गाळले. मिक्सर विहीणबाईंच्या मिक्सरपेक्षा महागाचा होता, हेही त्यांनी पाहून ठेवलं होतं. पाणी थोडं सढळ घातलं, कारण कमी घालून घट्ट गोळा झाला तर काय, ही भीती. आणि मग त्यांनी ते केलं जे विहीणबाईंनी सांगितलं नव्हतं, पण जे त्यांच्या हाडीमांसी खिळलेलं होतं. ते पांढरं पाणी त्यांनी उंच बरणीत ओतलं, फ्रिजमध्ये ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत हात लावला नाही.

दूध असंच ठेवतात. वर येतं ते सोनं, आणि तळाशी बसतं तो गाळ. डेअरीत गाळाची वेगळी चाचणी होती. दूध कापसाच्या चकतीतून जायचं आणि चकतीवर काय उरलं ते आबा भिंगातून बघायचे. केर, माती, गोठ्यातली कसली कसली घाण. तळाशी बसलेलं कुणाच्या पोटात जाऊ द्यायचं नाही, ही त्यांची नोकरीतली पहिली शिकवण होती आणि शेवटचीही.

संध्याकाळी बरणीत दोन थर दिसले. खाली जाड पांढरा, वर पातळ, निळसर झाक असलेला. आबांनी पळीने वरचा थर हलक्या हाताने, तळ न डुचमळू देता काढून घेतला आणि पातेल्यात गरम करायला ठेवला. खालचं बरणीतच ठेवून बरणी बाजूला सारली.

"हे खालचं?" माईंनी विचारलं.

"राहू द्या ते," आबा म्हणाले. त्यांचं सगळं लक्ष आचेवर होतं.

*

पहिल्या परीक्षेला खारू एकटीच आली. लेक तिला सोडून बाजारात गेली. आबांनी तिच्यासमोर बटाट्याच्या फोडी मांडल्या आणि वर सॉस ओतला. तो फोडींवरून घसरला, ताटाच्या कडेला गेला आणि तिथे तळं करून बसला.

खारूने बोट बुडवलं. चाटलं. आबांकडे पाहिलं.

"आबा, हे पाणी आहे."

"सॉस आहे, खारू. काजूचा. आजी करते तोच."

"आजीचं पाणी नसतं."

मग तिने दोन फोडी खाल्ल्या, एक खिशात घातली आणि खाली उतरून माईंना विचारलं की पाव आहे का. लेक आली तेव्हा ताट तसंच होतं. तिने बापाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो हात आबांना बोलण्यापेक्षा जास्त लागला.

"तिने काहीतरी लपवलंय," रात्री आबा माईंना म्हणाले.

"कुणी?"

"तुमच्या विहीणबाईंनी. तीच कृती, तेच काजू, माझा मिक्सर चांगला. मग माझा पातळ का होतो? एखादी वस्तू सांगितली नाही. पीठ घालत असणार."

"सांगायचं नसतं तर घरात घेतलं असतं का तुम्हाला?"

"चलाख बायका अशाच असतात. नऊ गोष्टी सांगायच्या आणि दहावी पदराखाली ठेवायची."

माई हसल्या आणि कूस बदलली. आबा मात्र बराच वेळ त्या दहाव्या वस्तूचा विचार करत राहिले. पीठ? उकडलेला बटाटा? दुधाची पावडर नक्कीच नाही. तेवढा संशय मात्र त्यांनी विहीणबाईंवर घेतला नाही. पोरीच्या बाबतीत ती बाई सावध होती, हे त्यांना कबूल करावंच लागलं, आणि कबूल करताना दात खावे लागले.

म्हणून ते पुन्हा गेले. या वेळी झग्याचं निमित्त केलं. माईंच्या एका जुन्या झग्याची शिवण उसवली होती. खरं तर आबांनीच ती थोडी आणखी उसवून घेतली होती. ते बरोबर सॉस करायच्या वेळी पोहोचले आणि स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसले.

विहीणबाईंनी सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत केलं. पीठ नाही, बटाटा नाही, दहावी वस्तू नाही. मिक्सर फिरला, थांबला, परत फिरला. मग त्यांनी भांडं उलटं केलं आणि सगळंच्या सगळं पातेल्यात ओतलं. बोटाने भांड्याची कडा निपटून तेही ओतलं. ठेवलं नाही, थर पडू दिला नाही, गाळ काढला नाही.

आबांना हसू फुटलं. ते त्यांनी खोकल्यात दडवलं. म्हणजे ही बाई गाळासकट वाढते! आणि पोरगी त्यावर बोटं चाटते! घाणेरडं काम कधी कधी चवीला बरं लागतं, हे त्यांनी नोकरीत पाहिलं होतं. त्यांची मान जरा ताठ झाली.

"काय झालं, व्याहीबुवा?"

"काही नाही. लसणाचा ठसका."

"घ्या, चव घ्या." त्यांनी चमचा पुढे केला.

आबांनी चव घेतली. जी जीभ यंत्राला हरवायची, तिने लबाडी केली नाही. सॉस मऊ होता, जिभेवर पसरत जाणारा, शेवटी लिंबाचं एक बारीक टोक असलेला. आबांनी चमचा परत दिला.

"बरा आहे," ते म्हणाले.

खारूने मागून येऊन विहीणबाईंच्या कमरेला मिठी मारली. आबांच्या हातात रिकामा झगा होता.

*

मग आबा हट्टाला पेटले. काजू दोन प्रकारचे आणले, अख्खे आणि तुकडा. पाणी गार घालून पाहिलं, कोमट घालून पाहिलं. मिक्सर इतका फिरवला की शेजारच्या बाईने विचारलं, सुताराला बोलावलंय का. प्रत्येक वेळी उंच बरणी, प्रत्येक वेळी फ्रिज, प्रत्येक वेळी वरचा थर अलगद काढून घेणं. आणि प्रत्येक वेळी तो थर तितकाच पातळ. आचेवर कितीही ढवळा, ताटाच्या कडेला तळं ते तळं.

एके दुपारी ते स्वयंपाकघरात आले तर माई ओट्याशी उभ्या राहून पाव खात होत्या. पावावर जाडसर पांढरं काहीतरी लावलेलं होतं. बरणी त्यांच्या समोर होती, तळापर्यंत चमच्याने खरवडलेली.

"हे काय खाताय?"

"तुमचंच," माई तोंड भरून म्हणाल्या. "बाई गं, आजचं काय झालंय! लसूण अगदी बेताची. कालच्यात जरा जास्त होती."

"कालच्यात?"

"रोजच खाते की." माईंनी ओठांचा कोपरा पुसला आणि जरा लाजल्या. या वयात लाजणं त्यांना शोभत होतं. "मी काही बोलले नाही. म्हटलं, बोलले तर बंद कराल. पण तुम्ही रोज माझ्यासाठी खालचं दाट ठेवता आणि पोरीसाठी वरचं हलकं नेता, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्यासाठी एक चहा केला नाही. आणि आता रोज हे."

आबांनी चमचा घेतला आणि बरणीच्या तळाशी जे काही चिकटून राहिलं होतं ते जिभेवर ठेवलं.

मऊ. जिभेवर पसरत जाणारं.

दुधात स्निग्धांश हलका, तो थेंबाथेंबाने वर येतो. पण काजू वाटला तरी काजूच. त्याचा कण पाण्यात जड, तो खाली बसतो. शाळेतलं पोर सांगेल इतकी साधी गोष्ट होती. आणि ते रोज सगळा सॉस बरणीत सोडून त्याच्यावरचं पाणी नातीला वाढायला नेत होते.

"काय झालं?" माईंनी विचारलं. "मीठ कमी आहे?"

"नाही," आबा म्हणाले. "बरोबर आहे."

खरं त्यांनी माईंना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बरणी काढलीच नाही. मिक्सर थांबल्यावर भांडं उलटं केलं, कडा निपटली आणि सगळं पातेल्यात ओतलं. आच मंद केली. सॉस ढवळता ढवळता जड झाला, चमच्याच्या पाठीवर थांबला, बोट फिरवलं तर रेघ राहिली. आबांनी लेकीला फोन लावला आणि रविवारचं जेवण ठरवलं.

माई संध्याकाळी फ्रिज उघडून उभ्या राहिल्या. "आज माझी बरणी कुठाय?"

"आज केली नाही."

"बरं," माई म्हणाल्या आणि फ्रिज बंद केला.

*

रविवारी लेक-जावई आले, खारू आली आणि त्यांच्यामागून विहीणबाईही आल्या. त्यांना आबांनी बोलावलं नव्हतं. लेकीने बोलावलं होतं. विहीणबाईंच्या हातात झाकणाचा एक काचेचा डबा होता, पाऊण भरलेला, पांढरा.

"म्हटलं, असू द्यावा बरोबर," त्या म्हणाल्या. "पोर उपाशी राहायला नको. तुमचा जमला तर उत्तमच, व्याहीबुवा, मग मी माझा परत नेईन."

"जमला तर," आबा म्हणाले.

"अहो, तसं नव्हतं म्हणायचं मला."

"द्या इकडे. गरम करून आणतो."

ते डबा घेऊन स्वयंपाकघरात गेले. मागे बैठकीच्या खोलीत जावयाने काहीतरी विनोद केला, सगळे हसले आणि त्या हसण्यातून खारूचा आवाज आला, "आजीने सॉस आणला! मला आजीचाच!" लेक म्हणाली, "आधी आबांचा खाऊन बघ," आणि खारू म्हणाली, "आबांचं पाणी असतं."

आबांनी डबा काट्यावर ठेवला. सवय होती, कुणी काय आणलं हे पाहायचं तर आधी किती आणलं हे पाहायचं. झाकणासकट तीनशे नव्वद ग्रॅम.

मग त्यांनी झाकण उघडून चव घेतली. मग आपल्या पातेल्यातली घेतली. परत तिची, परत आपली. आपला सॉस चांगला होता. यात शंका नव्हती. हा सॉस घेऊन ते कुठल्याही टेबलावर ताठ मानेने गेले असते. पण तिचा अधिक मऊ होता. केसाइतकाच, पण होता. पाच वर्षांच्या पोरीला तो केस कळला असता की नाही, हे सांगता येत नव्हतं. आबांना कळत होता.

किटलीत कोमट पाणी होतं.

दुधात पाणी घालणाऱ्यांत जे चलाख असत, ते कसं घालत, हे त्यांना पकडूनपकडून आबांना तोंडपाठ झालं होतं. गार पाणी घालायचं नाही, ते वेगळं राहतं. एकदम ओतायचं नाही. बारीक धार धरायची, एकाच दिशेने ढवळत राहायचं आणि फेस येऊ द्यायचा नाही. आबांनी बारीक धार धरली. पांढरा रंग पांढराच राहिला. चमचा वर उचलला तेव्हा सॉस थबकला नाही, सरळ खाली गेला.

"काय करताय एवढा वेळ?" माई दारात उभ्या होत्या.

"झाकण बसत नाही नीट."

माईंनी किटलीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. "बसलं की," त्या म्हणाल्या आणि ताटं घेऊन गेल्या.

जेवण सुरू झालं. खारूच्या ताटात बटाट्याचे दोन ढीग केले. लेकीने विहीणबाईंचा सॉस मोठा चमचाभर एकावर घातला, आबांनी आपला दुसऱ्यावर. विहीणबाईंचा घसरला, कडेला गेला आणि तिथे तळं झालं. आबांचा फोडींवर बसून राहिला.

खारूने आधी तळ्यात बोट बुडवलं. चाटलं. तिच्या कपाळावर आठी पडली.

"आजी, तुझं पण पाणी झालं."

"काय म्हणतेस?" विहीणबाईंनी डबा ओढून घेतला, चमच्याने ढवळला, चमचा उंच धरला, खाली जाणाऱ्या धारेकडे पाहत राहिल्या. मग चव घेतली.

आबांनी आपल्या ताटातलं गाजर कापलं. त्याचे पुन्हा दोन तुकडे केले.

खारू तोवर दुसऱ्या ढिगावर तुटून पडली होती. "आबांचा दाट आहे," ती म्हणाली, भरल्या तोंडाने, आणि ताट पुढे केलं. "अजून." आबांनी वाढलं. "अजून." आबांनी पुन्हा वाढलं. जावई म्हणाला, "बाबांनी तर सिक्सर मारला!" लेकीचा चेहरा उजळला. एवढा उजळलेला तो आबांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"सकाळी तर ठीक होता," विहीणबाई म्हणाल्या. कुणालाच उद्देशून नाही. "मी ढवळला तेव्हा चमचा उभा राहत होता."

"होतं असं कधी कधी, आई," जावई म्हणाला.

"नाही रे. मला नाही होत." त्यांनी चमचा खाली ठेवला आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, पालथा करून, मग उताणा करून. "परवा एक बाही चार बोटं आखूड कापली. गिऱ्हाईक चांगलं म्हणून बोललं नाही. मला वाटलं, चष्म्याचा नंबर असेल." त्या हसल्या, आज ओठांत टाचण्या नव्हत्या, तरी अर्ध्याच. "हाताचा अंदाज जातोय बहुतेक माझा."

"छे, काहीतरीच काय," लेक म्हणाली. "एका सॉसवरून?"

"सॉसवरून नाही गं. तिला दूध चालत नाही, सगळं सांभाळून करावं लागतं. अंदाजावर चालणाऱ्या माणसाचा अंदाजच गेला, तर?" त्यांनी खारूच्या केसांतून हात फिरवला. "अर्धा अर्धा आठवडा नको. हिला व्याह्यांकडेच ठेव तू, पूर्ण आठवडा. ते मोजूनमापून करणारे. माझ्याकडे येईल रविवारी, बटणं खेळायला."

माई आबांकडे पाहत होत्या. आबांनी तोंड उघडलं. गाजराचा तुकडा तोंडात होता, तो त्यांनी चावला, गिळला, पाणी प्यायले.

"बाबा?" लेकीने विचारलं. "जमेल ना तुम्हाला? पूर्ण आठवडा?"

"जमेल," आबा म्हणाले.

खारूने ताट पावाने पुसलं. जावयाने टाळी दिली. जेवणानंतर विहीणबाई माईंना भांडी आवरायला मदत करायला उठल्या, तर माईंनी त्यांना हात धरून बसवलं आणि त्यांच्यासमोर चहा ठेवला. नेहमी त्या दोघी खूप बोलायच्या. त्या दिवशी माईच जास्त बोलल्या, शिवणकामाबद्दल, विहीणबाईंनी पूर्वी शिवलेल्या एका कोटाबद्दल, तो अजून कसा अंगाला बेतल्यासारखा बसतो याबद्दल. विहीणबाई मान डोलावत राहिल्या.

निघताना त्यांनी डबा मागितला.

आबा स्वयंपाकघरात गेले. डब्यातला सॉस मोठा एक चमचा खारूच्या ताटात गेला होता, लहान एक चमचा विहीणबाईंच्या तोंडात. बाकीचा तसाच होता. त्यांनी झाकण लावलं, बाहेरून डबा पुसला आणि काट्यावर ठेवला.

येताना: तीनशे नव्वद ग्रॅम. जाताना: चारशे चाळीस.